चौदा फूट जास्त

पेकन बेंड
२९ एप्रिल

प्रिय रॉयस,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं जरा रागाचं होतं, ते बरोबरच आहे. सात आठवडे आई उत्तर देत नाही म्हटल्यावर माणूस चिडणारच. फॉर्मवर सही केलीस का आणि पॅरोलचा माणूस घर बघून गेला का, असं तू विचारलंयस. माणूस येऊन गेला. सभ्य होता बिचारा. पायपुसण्यावर बूट पुसून आत आला, तुझी खोली बघितली, खिडकीतून बाहेर बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या कॉर्नब्रेडला नाही म्हणाला नाही. सहीचं शेवटी सांगते. मधलं सगळं सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही. तू मला ओळखतोस, एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई आहे मी, मधले थांबे गाळून मला पुढे जाता येत नाही.

घरचं सगळं ठीक आहे. मागच्या आठवड्यात धुळीचं वादळ आलं त्यात मागच्या अंगणातल्या पेकनच्या झाडाची एक फांदी पडली. ती मीच करवतीनं कापली, एकाहत्तराव्या वर्षी, आणि शेजारचे दोघे कुंपणाला टेकून मला कशी कापायची ते सांगत होते. गुडघा कुरकुरतो. बाबांना जाऊन येत्या ऑक्टोबरात तीन वर्षं होतील. त्यांची व्हीलचेअर अजून पोर्चमध्येच आहे. कोणाला तरी देऊन टाकीन म्हणते आणि मग तिच्यावर धुण्याची टोपली ठेवते. तुझ्या खोलीला फेब्रुवारीत रंग दिला. पिवळा मागितला होता, निघाला लोण्यासारखा, पण उजेड बरा पडतो. पलंग खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला. त्या खिडकीतून कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप दिसतो, म्हणून.

तू गेलास तेव्हा तो पंप बंद होता, काचांना आतून पुठ्ठे लावलेले. पाच वर्षांपूर्वी टीकाराम भुसाल नावाचा एक नेपाळी माणूस बायकोला घेऊन आला आणि त्यानं तो चालू केला. पुठ्ठे काढले, काचा धुतल्या, दूध, पाव, बर्फ, गुरांचं मीठ, सगळं ठेवायला लागला. गाव त्याला टिक म्हणतं, कारण आपल्या गावाला एवढं लांब नाव जड जातं. त्याची बायको शनिवारी मोमो उकडते आणि आपले गुराखी ते मोहरीच्या सॉसमध्ये बुडवून खातात, मग टोपी मागे सारून अजून मागतात. मला तो आमा म्हणतो, म्हणजे आई. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला सांगितलं, "मला एक मुलगा आहे, तेवढा पुरे झाला." तर म्हणतो, "मग मला अर्धा धरा." चार वर्षांपूर्वी बर्फाच्या वादळात वीज गेली तेव्हा बाबांच्या प्राणवायूच्या यंत्रासाठी दुकानातला जनरेटर उचलून तोच घेऊन आला होता, आणि त्याच्या फ्रीजमधलं सगळं नासलं. तो वाईट माणूस आहे असं मला लिहिता आलं असतं तर हे पत्र फार सोपं झालं असतं.

पण नवा रस्ता गावाला वळसा घालून गेला आणि त्याचे ट्रकवाले गेले. पेट्रोलवर पंपवाल्याला काही सुटत नाही, सुटतं ते आतल्या मालावर, आणि आतला माल घ्यायला आता कोणी थांबत नव्हतं. टिकचं दुकान बंद पडलं की आपल्याला दुधासाठी चौदा मैल जावं लागणार, हे सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

आपलं गाव माझ्या आजीच्या जन्माआधीपासून कोरडं. ज्याला प्यायची असेल तो चाळीस मैल गाडी हाकून काउंटीच्या हद्दीपलीकडे जायचा. तिथे ओळीनं दारूची दुकानं. तिथून परत यायचा. हे तुला मी सांगायला नको. नोव्हेंबरात दारूबंदीवर मतदान झालं आणि सव्वीस मतांनी बंदी उठली. सव्वीस. माझ्या बसमध्ये याहून जास्त पोरं असायची. मी घरोघर फिरले होते, गुडघा बांधून. लोकांनी दारात उभं राहून गोड बोलून घेतलं, चहाही दिला, आणि जाऊन उलटं मत टाकलं.

तरी मी निर्धास्त होते. बंदी उठली म्हणून कोणालाही परवाना मिळतो असं नाही. चर्चच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत तीनशे फूट अंतर लागतं, रस्त्याच्या कडेकडेनं, माणूस चालेल तसं मोजलेलं. कमी भरलं तर परवाना नाही. चर्चनंच लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी. आणि आपल्या चर्चच्या मोठ्या दारापासून टिकचं दुकान तीनशे फुटांच्या आत आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तुझं पहिलं पत्र आलं, की पॅरोल मंडळानं होकार दिला, आईच्या घरी राहायचं म्हणून लिहून दिलंय, फॉर्म पाठवतो. त्याच आठवड्यात टिकच्या काचेवर पाटी लागली. बिअर आणि वाइन विकण्याचा परवाना मागितला आहे, असं मोठ्या अक्षरात, परवाना मिळेपर्यंत लावून ठेवायची असते ती. मी दूध आणायला गेले होते. तुझं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं आणि मी ती पाटी तीनदा वाचली. घरी येताना पावलं मोजली. त्याच्या दारापासून आपल्या पायरीपर्यंत दोनशे अकरा. ही माझी. तुझी दीडशेच भरतील.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर टिक चर्चच्या अंगणात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. डब्यात त्याच्या बायकोनं तळलेली तांदळाच्या पिठाची गोड, बांगडीसारखी कडी होती. म्हणाला, "आमा, दुकान तीनशे फुटांच्या आत येतं, ते मला माहीत आहे. चर्चनं एक पत्र दिलं तर जमेल. तुम्ही विश्वस्त आहात, तुम्ही हो म्हणालात तर बाकीचे हो म्हणतील. आणि नाही म्हणालात तर मी उद्या पाटी काढतो. मी भांडायला आलेलो नाही." रॉयस, तिथे नुसतं नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यानं खरंच पाटी काढली असती, तो तसा माणूस आहे.

पण नुसत्या नकारानं माझं भागलं नाही. मी नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, स्वतःच्या पोरापायी या बाईनं भल्या माणसाचं दुकान बुडवलं. ते खरंच होतं, म्हणून मला ते ऐकायचं नव्हतं. माझ्याऐवजी कायद्यानं नाही म्हणावं, शिक्का मारून म्हणावं, असं मला वाटलं. म्हणून मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझ्या हो-नाहीचा प्रश्नच कुठे येतो? नियम आहे ना? मग नेल्डाला सांग चाक घेऊन ये आणि मोज. तीनशे भरले तर वीक बाबा, वीक. मी एक शब्द बोलणार नाही." टिक डबा माझ्या हातात ठेवून गेला. पाद्री माझ्याकडे बघत राहिले, त्यांना वाटलं मला दया आली.

नेल्डा म्हणजे गावाची चिटणीस. तुझ्याच वर्गात होती, बसमध्ये मागच्या सीटवर बसून च्युइंगम चिकटवायची ती. मंगळवारी सकाळी ती काठीला लावलेलं मोजायचं चाक घेऊन आली. मी चर्चच्या मोठ्या दाराच्या पायऱ्यांवर हाताची घडी घालून उभी होते. तिनं मला हात केला आणि चाक ढकलत माझ्यासमोरून सरळ पुढे निघून गेली, इमारतीच्या पलीकडच्या टोकाला. मी ओरडले, "अगं ए, इथून! दार इथे आहे!" ती थांबली. "मिस व्हर्ना," ती म्हणाली, अगदी हळू, "लोक येण्याजाण्यासाठी जे वापरतात ते मुख्य दार, असं लिहिलंय. तुमच्यामागच्या दाराला तर फळ्या ठोकल्यात. आणि इकडे तुम्हीच लिहून ठेवलंय की." तिनं बोट दाखवलं. रॅम्पच्या वर, बाजूच्या दाराच्या चौकटीवर, निळ्या रंगात पाटी होती. मुख्य प्रवेशद्वार. माझंच अक्षर. तिथून टिकच्या उंबऱ्यापर्यंत तीनशे चौदा फूट भरले. चौदा फूट जास्त. मोठ्या दारापासूनही तिनं माझ्या समाधानासाठी मोजलं. दोनशे ब्याऐंशी.

आता त्या रॅम्पचं सांगायला हवं, जे मी तुला नऊ वर्षांत कधी लिहिलं नाही. बाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांचे पाय गेलेले आहेत एवढंच तुला माहीत होतं. चर्चला जायचं म्हणजे त्या सहा पायऱ्या. पहिले काही रविवार चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. ते मान खाली घालून बसायचे, आणि उचलणाऱ्यांतला एक कोणी तरी हमखास म्हणायचा, "काही नाही हो, वासराएवढं वजन आहे." घरी आल्यावर ते म्हणाले, मी पुन्हा येणार नाही. मग मी रॅम्पच्या मागे लागले. केक विकले, रजया विकल्या, लाकूडवाल्याच्या दारात ठाण मांडून बसले. रॅम्प बसत होता तो फक्त बाजूच्या दाराला. झाला, तर कोणी तरी त्यावर अपंगांसाठी अशी पाटी आणून लावली. मी ती त्याच दिवशी उपटली. ज्या माणसानं चाळीस वर्षं त्या चर्चचं छप्पर शाकारलं तो बाजूच्या दारानं एकटा येणार आणि बाकीचे ऐटीत पुढून? मी पाद्रींना सांगितलं, एक तर सगळे इथून येतील, नाही तर आम्ही दोघंही येणार नाही. मीच पाटी रंगवली. घोषणांचा फळा, टोप्या अडकवायचे खुंट, सगळं तिकडे नेलं. पहिल्या हिवाळ्यात वारा येतो म्हणून मोठ्या दाराला फळ्या ठोकल्या, त्याही माझ्याच सांगण्यावरून. सहा वर्षं तुझे बाबा मुख्य दारानं चर्चला गेले. सगळ्यांच्या आधी, हात चाकांवर ठेवून, कोणी ढकललेलं त्यांना चालायचं नाही. माझ्या आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट नीट केली असं मला वाटायचं.

मोजणी झाली त्याच दुपारी मी खिळेउपाड्या हातोडी घेऊन गेले आणि मोठ्या दाराच्या फळ्या काढल्या. नखं फुटली. निळी पाटी उतरवून घरी आणली आणि पलंगाखाली सरकवली. पाद्री म्हणाले, "व्हर्ना, दार उघडायला हरकत नाही, पण त्या पायऱ्या कुजल्यात." मी म्हटलं, जपून चढा. दोन रविवार मी अख्ख्या चर्चला त्या कुजक्या पायऱ्यांवरून चढवलं. म्हाताऱ्यांना हाताला धरून, दटावून, जशी पोरांना बसमध्ये चढवायचे तसं. दुसऱ्या रविवारी चौथी पायरी मोडली आणि माझ्याच वयाच्या एकीचा पाय मांडीपर्यंत आत गेला. सुदैवानं खरचटण्यावर निभावलं. पुढच्या वेळी ती गुपचूप रॅम्पनं आली आणि तिच्यामागून सगळेच आले.

सुनावणी मागच्या सोमवारी होती. शाळेच्या जेवणघरात ठेवली, एरवीच्या खोलीत माणसं मावली नसती. लॉयड पीवी आता नगराध्यक्ष आहे. बसमध्ये रडायचा तो लॉयड, आता त्याला पोट आलंय आणि त्याच्यासमोर अंडी उकडायचं घड्याळ असतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. टिक उठला, कागदावरून वाचायला लागला आणि मधेच कागद खिशात ठेवून म्हणाला, "मला दुकान चालवायचं आहे. तुम्ही सांगाल त्या वेळेत विकीन, रविवारी विकणार नाही, चर्चच्या बाजूच्या काचेत जाहिरात लावणार नाही. बाकी मला बोलता येत नाही." मग मी उठले. मी म्हटलं, मुख्य दार पुन्हा उघडलंय, ते मोजा, दोनशे ब्याऐंशी. आणि शाळेचं बोलले, पोरांचं बोलले, सगळ्यांच्या पोरांचं. तुझं नाव घेतलं नाही. सगळं जेवणघर माझ्या बोलण्यात तुझं नाव ऐकत होतं.

माझ्यानंतर ऑडीन क्रेब्स उठली. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. तिची मुलगी जोलीन गेल्यापासून ती चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसते, नऊ वर्षं. प्रार्थनेत एकमेकांना शांती चिंतायला हात मिळवायची वेळ आली की माझा हात हातात घेते आणि सोडते, बोलत नाही. मला वाटलं आता माझी बाजू भक्कम झाली. जिची मुलगी दारू प्यालेल्याच्या गाडीच्या धडकेत गेली तिच्यापुढे कोण तोंड उघडणार? ती टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझी पोरगी गेली तेव्हा हे गाव कोरडं होतं. ठणठणीत कोरडं. तो पोरगा चाळीस मैल गेला प्यायला. चाळीस मैल आला. त्यातल्या शेवटच्या तीन मैलांत माझी जोलीन दवाखान्यातली ड्यूटी करून घरी येत होती, दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात. कोपऱ्यावर दुकान असतं तर तो पायी गेला असता. पायी जाणारा प्याला तर फार तर गटारात पडतो. द्या त्या माणसाला परवाना." एवढं बोलून ती खाली बसली नाही. तिची दोन मिनिटं उरली होती, ती तशीच माझ्याकडे बघत उभी राहिली, घड्याळ वाजेपर्यंत.

मग लॉयडनं चष्मा काढला. "मिस व्हर्ना," तो म्हणाला, "दोन दारं आहेत आणि आम्हाला एक ठरवायचंय. मी तुम्हाला फक्त एकच गोष्ट विचारतो, आणि तुम्ही सांगाल ते मी धरीन. मिस्टर टिडवेलना तुम्ही कुठल्या दारानं बाहेर आणलं होतं?" त्याला उत्तर माहीत होतं रॉयस. बाबांच्या शवपेटीचा पुढचा डावा कोपरा त्याच्याच खांद्यावर होता. तुला त्या दिवशी तुरुंगातून सोडलं नाही म्हणून तुझ्या जागेवर तो उभा राहिला होता. त्यानं मला खोटं बोलायची मोकळीक दिली, आणि ती देताना त्याचेच कान लाल झाले. मोठ्या दारानं, एवढे दोन शब्द. कोणी मला खोटं पाडलं नसतं. पण मला ते दिसायला लागलं, पेटी रॅम्पवरून उतरतेय, आणि मी मागून चालतेय, आणि मनात म्हणतेय, बघा, शेवटपर्यंत मुख्य दारानंच. मी म्हटलं, "रॅम्पनं." नगरपरिषदेच्या पाचांपैकी पाच हात वर गेले.

बाहेर टिक माझी वाट बघत होता. आनंद झालेला माणूस असा दिसत नाही. म्हणाला, "आमा, मला सगळं माहीत आहे. तुमच्या मुलाला मी विकणार नाही, कितीही पैसे दिले तरी नाही. तुम्ही मला त्याचा फोटो द्या. मी काउंटरच्या मागे लावतो, म्हणजे माझी बायको असली तरी तिला कळेल." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. मी बरं म्हटलं, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी एकदम हलकं वाटलं. घरी येऊन अल्बम काढला. तुझा बावीस वर्षांचा, टोपी हातात घेतलेला, मागे बाबांचा लाल ट्रक, तो फोटो निवडला, कात्रीनं ट्रक कापला आणि पाकिटात घातला. शुक्रवारी टिकच्या फ्रीजमध्ये बिअर लागली आणि मी फोटो घेऊन गेले. काउंटरच्या मागच्या भिंतीवर तीन फोटो आधीच होते, चोरी करून पळालेल्यांचे, खाली लाल शाईत लिहिलेलं, यांना आत घेऊ नये. टिकनं त्यांच्या शेजारी चिकटपट्टीचा तुकडा काढून तयार ठेवला होता. मी पाकीट उघडलं नाही. एक दूध घेतलं आणि परत आले.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करतेय, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, पाद्रींनाही नाही. त्या दिवशी गुरांच्या बाजाराला तू एकटाच निघाला होतास. बाबांना यायचं नव्हतं, त्यांचे डोळे आधीच अधू झाले होते, गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. मीच त्यांना पाठवलं. तू प्यायला लागला होतास हे मला माहीत होतं, तुझे शर्ट मीच धूत होते. तोंडावर तुला विचारायचं मला धाडस झालं नाही, म्हणून मी त्यांना म्हटलं, "तुम्ही बरोबर जा आणि त्याच्यावर लक्ष ठेवा." ते गेले. लक्ष ठेवायला माणूस दिला की झालं, असं मी समजले. ते तुझ्या शेजारी बसून होते आणि जोलीनची गाडी समोरून आली. सहा वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

म्हणून आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सही मी केलेली नाही, रॉयस, आणि करणार नाही. मला ठाऊक आहे याचा अर्थ काय होतो. दुसरा पत्ता मिळेपर्यंत तुला सोडणार नाहीत, आणि शहरातल्या त्या वसतिगृहात, जिथे रोज नळीत फुंकायला लावून दारू तपासतात, जागा व्हायला पाच-सहा महिने लागतात असं तो पॅरोलवाला म्हणाला. हे महिने तू माझ्यामुळे आत काढणार आहेस आणि तुला माझा जितका राग यायचा तितका येऊ दे. तू सुधारला नाहीस असं मी म्हणत नाही. तुझी पत्रं मी वाचते, मला ती खरी वाटतात. पण तू दुधाला म्हणून बाहेर पडशील आणि मी खिडकीशी उभी राहून तुझी दीडशे पावलं मोजीन, परत येशील तेव्हा तुझ्या शर्टाचा वास घेईन, आणि एक दिवस तो फोटो टिककडे नेऊन देईन. मी तशीच बाई आहे, हे मला या दोन महिन्यांत कळलं. या घरात तुला आई मिळणार नाही, पहारेकरी मिळेल, आणि तो एकदा ठेवून आपण बघितलाय. वसतिगृहात आलास की मी दर दुसऱ्या रविवारी बसनं येईन, प्रवासी म्हणून, कॉर्नब्रेड घेऊन. खोलीचा रंग तसाच राहील. फॉर्म सोबत जोडलाय. पत्त्याच्या रकान्यात मी पेन्सिलीनं आपल्या घराचा पत्ता पूर्ण लिहिला होता, क्रॉकेट रस्ता, नंबर, सगळं, आणि मग खोडला. उजेडात धरलास तर अजून वाचता येतो.

तुझीच,
आई